एका खिडकीचे चारशे हिशेब

कोणतीही इमारत जमिनीवर उभी राहण्यापूर्वी कागदावर उभी राहावी लागते. तलदर्शन, दर्शनी बाजू, छेद आणि तपशील अशा नकाशांतून वास्तुशिल्पज्ञ आपला विचार मांडतो आणि गवंडी, सुतार, फिटर व कंत्राटदार तो वाचून प्रत्यक्षात आणतात. गेल्या काही दशकांत या कागदाची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर ही साधने बहुतेक कार्यालयांतून निवृत्त झाली. त्यानंतरची पायरी अधिक महत्त्वाची होती. संगणकावर आता केवळ रेषा काढल्या जात नाहीत. भिंती, दारे, खिडक्या, जिने व तुळया यांसह संपूर्ण इमारतीचा त्रिमितीय नमुना उभा केला जातो आणि सर्व नकाशे त्या एकाच नमुन्यातून काढले जातात.

या पद्धतीचा लाभ उघड आहे. खिडकीची रुंदी एका ठिकाणी बदलली की ती तलदर्शनात, दर्शनी बाजूत, छेदात व खिडक्यांच्या तक्त्यात एकाच वेळी बदलते. परंतु या सोयीबरोबर एक तक्रारही नेहमी ऐकू येते. रुंदीचा आकडा बदलून कळ दाबावी आणि पडदा निश्चल व्हावा. अर्धा मिनिट वाट पाहावी लागली आणि दिवसातून असे पन्नास वेळा घडले, तर एका आरेखकाची पंचवीस मिनिटे केवळ प्रतीक्षेत जातात. नवा, महागडा संगणक घेतला तरी पुष्कळदा अपेक्षित फरक पडत नाही. असे का होते, दोष यंत्राचा की घटक रचणाऱ्याचा, आणि त्यावर उपाय कोणते, हे समजावून घेणे उपयुक्त ठरेल.

अट आणि प्रत

१९६३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने आपल्या पीएच. डी.च्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' नावाची प्रणाली सिद्ध केली. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येत, हे तिचे एक वैशिष्ट्य. दुसरे वैशिष्ट्य त्याहून मोलाचे होते. दोन रेषा समांतर राहाव्यात किंवा दोन बाजू समान राहाव्यात, अशी अट घालून दिली की पुढे आकृतीत बदल झाला तरी ती अट पाळण्याचे काम संगणक स्वतः करी. शिवाय एक मूळ आकृती काढून तिच्या अनेक प्रती चित्रात ठेवता येत आणि मूळ आकृती सुधारली की सर्व प्रती सुधारल्या जात. आजच्या संगणकीय खिडकीमागे हीच दोन तत्त्वे उभी आहेत: अट आणि प्रत.

१९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले आणि पुढे कार्यालयांतील लहान संगणकांवर नकाशे काढण्याची प्रथा रूढ झाली. त्यातील खिडकी ही मात्र प्रामुख्याने रेषांची आकृती होती. यंत्रभागांच्या क्षेत्रात प्रो-इंजिनिअर या सॉफ्टवेअरने १९८०च्या दशकाच्या अखेरीस मापांवर चालणाऱ्या घन आकृतींची पद्धत रुजवली. इमारतींसाठी हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट कंपनीने आर्किकॅड तयार केले. पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये १९९७ साली स्थापन झालेल्या चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर या कंपनीने २००० साली 'रेव्हिट' आणले आणि २००२ साली ऑटोडेस्कने ते आपल्याकडे घेतले. 'क्षणात फेरबदल' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून रेव्हिट हे नाव बेतलेले आहे. हा क्षण लांबतो तेव्हा त्याचे कारण बहुधा या 'अट' आणि 'प्रत' यांच्या हिशेबातच सापडते.

खिडकीची घडण

एक उदाहरण घेऊ. समजा, ४०० खोल्यांच्या एका वसतिगृहाचा नमुना तयार करावयाचा आहे. प्रत्येक खोली १२ चौरस मीटरची असून तिला एक खिडकी आहे. खिडकी १,२०० मिलिमीटर रुंद व १,३५० मिलिमीटर उंच आहे. तिची चौकट ६० मिलिमीटर जाडीची असून तिला झिलमिलीच्या दोन झडपा आहेत.

ही खिडकी संगणकावर एकदाच घडवली जाते. प्रथम अदृश्य अशी संदर्भ-प्रतले मांडतात. डावी कड, उजवी कड, उंबऱ्याची पातळी व माथ्याची पातळी ही त्यांपैकी प्रमुख होत. त्यांच्यामधील अंतरांना नावे दिली जातात: रुंदी, उंची, चौकटीची जाडी. ज्या राशीची किंमत प्रसंगानुसार ठरवून द्यावयाची असते तिला गणितात 'प्राचल' म्हणतात; कार्यालयांतून 'पॅरामीटर' हा शब्द रूढ आहे. मग या प्राचलांना सूत्रांनी जोडतात. झडपेची रुंदी म्हणजे एकूण रुंदीतून चौकटीच्या दोन बाजू वजा करून केलेला अर्धा भाग. १,२०० मधून १२० गेले, उरले १,०८०. प्रत्येक झडप ५४० मिलिमीटरची. झिलमिलीच्या पट्ट्या दर ७५ मिलिमीटरला एक असतील, तर चौकटीतील १,२३० मिलिमीटर उंचीला ७५ने भागून पूर्णांकात १६ पट्ट्या येतात. वरचे लिंटेल दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर भिंतीवर टेकवायचे असेल, तर त्याची लांबी १,५०० मिलिमीटर होते.

अशा रीतीने ही खिडकी स्वतःची मापे स्वतः जुळवून घेणारी वस्तू बनते. तिला रुंदीचा एक आकडा द्यावा आणि उर्वरित सर्व मापे तिने काढावीत. सुताराच्या डोक्यात जो हिशेब असतो तोच येथे सूत्रांत लिहिलेला असतो.

एक आकडा बदलला म्हणजे

आता हा आकडा बदलण्याची वेळ येते. भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीतील खिडक्यांचे क्षेत्र, चौकटीसह, शुष्क-उष्ण हवामानात खोलीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश, तर दमट-उष्ण हवामानात किमान एक षष्ठांश असावे लागते. आपल्या खिडकीचे क्षेत्र १.६२ चौरस मीटर आहे. शुष्क प्रदेशात १२ चौरस मीटरच्या खोलीला १.२ चौरस मीटर पुरे, म्हणून ही खिडकी तेथे चालेल. दमट किनारपट्टीवर मात्र २ चौरस मीटर हवेत. म्हणून रुंदी १,५०० मिलिमीटर केली की क्षेत्र २.०२५ चौरस मीटर होते आणि अट पूर्ण होते.

आरेखकाने १,५०० हा आकडा लिहिला. येथून संगणकाचे काम सुरू होते. रुंदीवर कोणकोणती मापे अवलंबून आहेत आणि ती कोणत्या क्रमाने काढावयाची हे तो प्रथम ठरवतो. मग सूत्रे सोडवतो: झडप ६९० मिलिमीटर, लिंटेल १,८०० मिलिमीटर. त्यानंतर चौकट, झडपा व पट्ट्या यांचे घन आकार नव्याने घडवतो. भिंतीत पूर्वीची पोकळी बुजवून नवी पाडतो. त्या भिंतीला टेकलेल्या इतर भिंती, गिलावा व लादीची सीमा यांची जुळणी तपासतो. खिडक्यांचा तक्ता आणि भिंतीच्या कामाचे परिमाण सुधारतो. शेवटी जे नकाशे उघडे असतील ते पुन्हा रेखाटतो.

या पायऱ्यांपैकी बेरीज-वजाबाकीला संगणकाला नाममात्र वेळ लागतो. वेळ खाणारे काम घन आकार घडवण्याचे आणि एका आकारातून दुसरा वजा करण्याचे असते. भिंतीत पोकळी पाडताना खिडकीची प्रत्येक बाजू भिंतीच्या कोणत्या पृष्ठभागाला कोठे छेदते, हे काढून नवे पृष्ठभाग व नव्या कडा निश्चित कराव्या लागतात. पडद्यावर खिडकी किंचित रुंद झालेली दिसते; तिच्यामागे भूमितीची मोठी उलाढाल झालेली असते.

गुणाकाराचा परिणाम

एका खिडकीपुरते हे काम जाणवतही नाही. अडचण गुणाकारात आहे. प्रत्येक झडपेत १६ याप्रमाणे एका खिडकीत ३२ पट्ट्या आणि ४०० खिडक्यांत १२,८०० पट्ट्या होतात. साध्या पेटीसारख्या पट्टीलाही सहा पृष्ठभाग असतात. म्हणजे केवळ पट्ट्यांचेच ७६,८०० पृष्ठभाग झाले. पट्टीच्या कडा गोलसर केल्या, बिजागऱ्या, कड्या व स्क्रू दाखवले, तर ही संख्या अनेक पटींनी वाढते. आणि एक शतांश प्रमाणात काढलेल्या तलदर्शनात ही संपूर्ण खिडकी कागदावर अवघी १५ मिलिमीटर लांब दिसते. तीत स्क्रू दिसण्याचा प्रश्नच नसतो.

येथे सदरलँडचे दुसरे तत्त्व कामी येते. सर्व ४०० खिडक्या एकाच प्रकारच्या असतील आणि माप त्या प्रकाराला जोडलेले असेल, तर संगणकाला खिडकीचा आकार एकदा घडवून बाकीच्या ठिकाणी केवळ जागेची नोंद ठेवणे शक्य होते. पण रुंदी हे प्रत्येक प्रतीचे स्वतंत्र माप म्हणून ठेवले आणि प्रतींना निरनिराळी मापे दिली, तर तेवढे आकार वेगळे घडवावे लागतात. एखाद्या प्रतीला शेजारच्या वस्तूने छेद दिला, तर तिलाही स्वतःचा स्वतंत्र आकार घ्यावा लागतो. प्रत्येक खिडकी मनाप्रमाणे ताणता यावी ही मुभा घटक रचताना आकर्षक वाटते. तिची किंमत नमुना मोठा झाल्यावर कळते.

नवा संगणक का पुरत नाही

संगणक संथ वाटला की अधिक शक्तिमान संगणक मागवणे हा सहज सुचणारा उपाय आहे. त्याचा उपयोग मर्यादित का, हे बांधकामाच्याच उदाहरणाने स्पष्ट होईल. जोते झाल्याशिवाय भिंत नाही, भिंत लिंटेलच्या पातळीला आल्याशिवाय लिंटेल नाही आणि लिंटेलशिवाय वरचे बांधकाम नाही. दहा गवंडी अधिक लावले म्हणून हा क्रम उलटत नाही. रंगकामाची गोष्ट वेगळी. दहा खोल्या दहा रंगाऱ्यांना वाटून देता येतात.

२००५च्या सुमारास प्रोसेसरच्या एका गाभ्याची गती वाढण्याचा वेग मंदावला आणि उत्पादकांनी एकाच प्रोसेसरमध्ये अनेक गाभे बसवण्याकडे लक्ष वळवले. इमारतीचे छायाचित्रासारखे रंगीत चित्र तयार करणे हे रंगकामासारखे वाटून देण्याजोगे काम आहे, म्हणून अनेक गाभ्यांचा त्याला भरपूर लाभ होतो. अटी व सूत्रे सोडवण्याचे काम मात्र भिंत बांधण्यासारखे आहे. आधीच्या मापाचे उत्तर हाती आल्याशिवाय पुढचे माप काढता येत नाही. त्यामुळे या कामाचा बराचसा भाग एकाच गाभ्यावर क्रमाने चालतो आणि उरलेले गाभे त्या वेळी जवळजवळ रिकामे राहतात. पुरेशी स्मरणशक्ती आणि जलद गाभा असलेला संगणक अवश्य असावा. परंतु लांबलेली साखळी त्याने आखूड होत नाही.

भार कोठून येतो

संथ घटकांची तपासणी केली असता काही कारणे पुन्हा पुन्हा आढळतात. पहिले म्हणजे डब्यात डबा ठेवावा तशी घटकात घटक ठेवण्याची सवय. खिडकीत झडप, झडपेत मूठ, मुठीत स्क्रू अशी उतरंड रचली की वरच्या घटकातील एक बदल तळापर्यंत झिरपावा लागतो. दुसरे कारण रांगांचे. पट्ट्यांची संख्या सूत्रावर सोडली की उंची बदलताच जुन्या पट्ट्या काढून नव्या मांडाव्या लागतात. तिसरे कारण पोकळ्यांचे. भरीव आकार घेऊन त्यातून अनेक भाग कोरून काढण्यापेक्षा हवा तो आकार सरळ घडवणे संगणकाला सोपे जाते.

चौथे कारण बाहेरून आणलेल्या आकृतींचे. खिडक्या किंवा पंप तयार करणारे कारखाने आपल्या मालाची उत्पादनासाठी केलेली आकृती पुरवतात. तीत यंत्रावर कातण्यासाठी लागणारा प्रत्येक आटा व खाच असते. इमारतीच्या नमुन्यात ती जशीच्या तशी आणणे म्हणजे घराच्या नकाशाबरोबर कुलपाचा कारखानाही पदरी बाळगणे होय. पाचवे कारण अनावश्यक अटींचे. जे माप कधीच बदलणार नाही, त्यालाही प्राचल बनवून सूत्राने बांधलेले असते.

करण्याजोगे उपाय

पहिला उपाय संगणकाबाहेरचा आहे. या इमारतीत नेमके काय बदलण्याची शक्यता आहे, हे घटक रचण्यापूर्वी ठरवावे. आपल्या वसतिगृहात खिडकीची रुंदी व उंची बदलू शकते. चौकटीची जाडी एकदा ठरली की ठरली. तेव्हा दोन मापे प्राचल म्हणून पुरेत. खिडकीचे तीन-चार निश्चित प्रकार ठेवावेत आणि प्रत्येक प्रतीला ताणण्याची मुभा देऊ नये. बाजारातून खिडक्या मागवतानाही थोडेच प्रकार असणे सोयीचे व स्वस्त पडते.

दुसरा उपाय म्हणजे तपशील टप्प्याटप्प्याने वाढवणे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने २००८ साली आपल्या करारपत्राच्या नमुन्यात १०० ते ५०० अशा तपशिलाच्या पायऱ्या नमूद केल्या. प्राथमिक कल्पनेच्या वेळी खिडकी ही केवळ भिंतीतील जागा असते. मापे, जोडणी व प्रत्यक्ष बसवलेल्या वस्तूची माहिती पुढील पायऱ्यांवर येते. मंजुरीच्या नकाशाला न लागणारा तपशील त्या टप्प्यावर भरू नये.

तिसरा उपाय चित्र आणि वस्तू यांत भेद करण्याचा. झिलमिलीच्या ३२ पट्ट्यांऐवजी झडपेची एक सपाट फळी ठेवून तिच्यावर आडव्या रेषांची नक्षी द्यावी. दर्शनी बाजूत तेवढेच दिसते. पट्टीचा खरा छेद मोठ्या प्रमाणाच्या तपशील-नकाशात एकदाच काढावा. याने १२,८०० घन आकारांची जागा ८०० फळ्या घेतात आणि सुताराला लागणारी माहिती कमी होत नाही. येथे एक सावधगिरी हवी. तपशील केवळ दिसेनासा केला तर रेखाटनाचा वेळ वाचतो, पण तो घटकात राहतोच आणि फाइलचा भारही राहतो.

चौथा उपाय परीक्षेचा. नवा घटक कार्यालयाच्या संग्रहात घेण्यापूर्वी एका कोऱ्या फाइलमध्ये त्याच्या शंभर प्रती मांडाव्यात, रुंदी व उंची लहानात लहान आणि मोठ्यात मोठी करून पाहावी आणि लागलेला वेळ घड्याळ लावून मोजावा. जुना व नवा घटक असे शेजारी ठेवून मोजले की मतभेदाला जागा उरत नाही. संग्रहाची जबाबदारी एका जाणत्या व्यक्तीकडे असावी, म्हणजे वाटेल तेथून आणलेले घटक नमुन्यात शिरत नाहीत.

नमुना आणि वास्तव

हा प्रश्न केवळ आरेखकाच्या पंचवीस मिनिटांचा असता तर त्याचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. खरी हानी नंतर होते. मुदत जवळ आलेली, नमुना हलत नाही, अशा वेळी माणसे आडवाट धरतात. घटकाच्या अटी तोडून मापे गोठवली जातात. खिडकी तशीच ठेवून नकाशावर नवी रेषा ओढली जाते. त्या दिवशी नकाशा बरोबर दिसतो. पण तक्त्यात खिडकी १,२०० मिलिमीटरचीच राहते, लिंटेलची लांबी १,५०० मिलिमीटरच मोजली जाते आणि लोखंड, काच व लाकूड यांचे अंदाजपत्रक चुकीच्या आकड्यांवर बेतले जाते. चौकटी बांधकामावर येऊन पोचल्यावर चूक उघडकीस येते. ती उघडकीस आलीच नाही, तर किनारपट्टीवरील चारशे विद्यार्थ्यांना संहितेने ठरवलेल्यापेक्षा कमी हवा मिळते.

महाराष्ट्रातही आता मोठ्या सार्वजनिक कामांचे हिशेब अशा नमुन्यांवर उभे राहू लागले आहेत. नागपूर मेट्रोच्या उभारणीत महामेट्रोने पंचमितीय नमुन्याची पद्धत वापरली. लांबी, रुंदी व उंची या तीन मितींना काळ आणि खर्च यांची जोड त्यात दिली जाते. जेथे नमुन्यातील आकड्यावर कामाचे वेळापत्रक व खर्च अवलंबून असतो, तेथे एका घटकाची तोडलेली अट अंदाजपत्रकापर्यंत पोचते.

म्हणून घटक हलका करताना त्याचा जीवही काढून घेता कामा नये. सर्व अटी काढून टाकलेली खिडकी जलद चालेल. पण आपले क्षेत्र किती, हे तिला सांगता येणार नाही आणि खोलीला पुरेशी हवा मिळते काय, या प्रश्नाला नमुन्याकडे उत्तर नसेल. आपल्या उदाहरणातील रुंदी, उंची आणि त्यांवरून निघणारे झडप, लिंटेल व क्षेत्र यांचे नाते अवश्य राखावे. स्क्रूचे आटे, मुठीची वळणे आणि कधीच न बदलणाऱ्या मापांची सूत्रे सोडून द्यावीत. कोणत्या नात्यांवर इमारतीतील माणसांची सोय, सुरक्षितता आणि सार्वजनिक पैसा अवलंबून आहे, ही निवड संगणक करू शकत नाही. ती वास्तुशिल्पज्ञाने, अभियंत्याने व आरेखकाने एकत्र बसून कामाच्या आरंभीच करावयाची असते. तेवढे झाले म्हणजे रुंदीचा आकडा बदलण्यास कोणी कचरणार नाही आणि जी खिडकी रुंद व्हावयास हवी, ती वेळेवर रुंद होईल.